चरसापासून गमीपर्यंत : गांजाच्या अर्काबद्दलचे गैरसमज

जुलै २०२१ मध्ये मुंबईत माझगावला अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, म्हणजे एनसीबीने, छापा घालून सुमारे १० किलो ब्राऊनी जप्त केल्या. त्यांत चरस मिसळलेला आहे, असं विभागाचं म्हणणं होतं. महिनाभर आधी मालाडच्या एका बेकरीवरही अशीच कारवाई झाली होती. चरस चिलमीत भरून ओढतात एवढंच ठाऊक असलेल्या वाचकाला या बातम्या अजब वाटल्या. त्यानंतर गमी, वेप, हॅश ऑइल, रोझिन ही नावं कॉलेजच्या कट्ट्यापासून विमानतळावरच्या जप्तीपर्यंत सगळीकडे ऐकू येऊ लागली. नावं कितीही असली तरी वस्तू एकाच घरच्या आहेत. गांजाच्या झाडातला नशेचा भाग वेगळा काढून गोळा केला की जे हाती येतं, ते अर्क किंवा कॉन्सन्ट्रेट. त्याबद्दल ऐकीव माहितीच जास्त, आणि या बाबतीत ऐकीव माहितीवर विसंबणं शरीरालाही महाग पडतं आणि कोर्टातही.

झाडाच्या मादी फुलाकडे भिंगातून पाहिलं तर पाकळ्यांसारख्या पानांवर बारीक पारदर्शक लव दिसते. प्रत्येक केसाच्या टोकाला एक इवलासा चिकट थेंब असतो. ही त्या झाडाची राळ. नशा आणणारं टीएचसी हे रसायन मुख्यतः इथेच साठतं. पानांत ते खूपच कमी आणि बियांत जवळपास नाहीच. हिमाचलातल्या मलाण्यासारख्या गावांत ताजी फुलं तळहातांवर चोळतात, तेव्हा हाताला जो काळपट चिकट थर बसतो तो चरस. मोरोक्को, लेबनॉनकडे वाळलेल्या फुलांची भुकटी चाळून, दाबून वड्या करतात, तो हॅशिश. विद्रावक वापरून काढलेलं ते हॅश ऑइल; त्याचेच मेणासारखे किंवा काचेच्या तुकड्यासारखे प्रकार ‘वॅक्स’ आणि ‘शॅटर’ म्हणून विकले जातात. फक्त उष्णता आणि दाब वापरून काढलेलं रोझिन. आणखी शुद्ध केलेलं डिस्टिलेट हे गमीत, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्यांत, आणि वेपच्या, म्हणजे वाफ ओढायच्या पेनच्या, कार्ट्रिजमध्ये जातं.

हे सगळं अलीकडचं, अमेरिकेतून आलेलं फॅड आहे, हा पहिला गैरसमज. चरस हा अर्कच आहे आणि हिंदुस्थानात तो शतकानुशतकं आहे. एकोणिसाव्या शतकात यारकंदहून लेहमार्गे पंजाबात चरस येत असे आणि सरकार त्यावर रीतसर कर घेत असे. औषधी अर्कसुद्धा नवा नाही. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टराने १८३९ मध्ये गांजाच्या अर्काचे आपले प्रयोग मांडले. धनुर्वात, कॉलरा, लहान मुलांची आकडी अशा रोगांत त्याने तो देऊन पाहिला होता. धनुर्वात बरा झाला असं नाही, पण स्नायूंचे झटके सैल पडताना त्याला दिसले. तिथून हे औषध इंग्लंडच्या औषधांच्या दुकानांत पोचलं. 

इतिहासाचा दाखला देणारे बरेचदा १८९३-९४ च्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’चं नाव घेतात आणि ‘इंग्रजांनीच गांजा निरुपद्रवी ठरवला’ असं ठोकून देतात. हे अर्धसत्य आहे. कमिशनने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल लिहिला आणि सरसकट बंदी नको, परवाने आणि कर यांनी वापर आटोक्यात ठेवावा, असं सुचवलं. मर्यादित सेवनाने फारसं नुकसान होत नाही असं ते म्हणालं. अतिसेवनाने होतं, हेही त्याच अहवालात आहे. भांग, गांजा आणि चरस या तीन वस्तू त्याने वेगवेगळ्या धरूनच विचार केला. त्या साक्षीदारांनी ऐंशी टक्के टीएचसीचं कार्ट्रिज पाहिलेलं नव्हतं. कमिशनचा निष्कर्ष उचलून आजच्या वेपवर चिकटवणं हा त्या अहवालावरही अन्याय आहे.

मग ताकदीत फरक किती? उसाचा रस आणि गूळ यांत जो फरक आहे, तसाच. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाने जप्त मालाची वर्षानुवर्षं तपासणी केली. तिथल्या गांजात १९९५ च्या सुमारास सरासरी ४ टक्के टीएचसी होतं. २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेलं. आज तिथल्या परवानाधारक दुकानांतल्या फुलांत १५-२० टक्के ही नेहमीची गोष्ट आहे. तेल, शॅटर, डिस्टिलेट यांत मात्र ६० ते ९० टक्के. हिशेब सोपा आहे: १५ टक्क्यांच्या एक दशांश ग्रॅम फुलात १५ मिलिग्रॅम टीएचसी, तेवढ्याच वजनाच्या ८० टक्क्यांच्या अर्कात ८० मिलिग्रॅम. कॅनडात खाण्याच्या पदार्थाच्या अख्ख्या पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही, हे शेजारी ठेवलं की ८० चा अर्थ कळतो.

याच्या उलट टोकाचा समजही बरोबर नाही. अर्क चौपट तर झिंगही चौपट, असं सरळ गणित नसतं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांना केंद्र सरकारच्या कायद्यामुळे असा माल हाताळता येत नव्हता. म्हणून त्यांनी एक व्हॅन प्रयोगशाळा केली आणि ती नियमित सेवन करणाऱ्यांच्या घरासमोर उभी केली. लोक आपल्या घरात आपला माल घेत आणि व्हॅनमध्ये येऊन रक्त देत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अर्क घेणाऱ्यांच्या रक्तात टीएचसी फुलं ओढणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त सापडलं, पण तोल आणि स्मरणशक्ती यांच्या चाचण्यांत दोन्ही गट जवळपास सारखेच ठरले. ही मंडळी सरावलेली होती, हे विसरून चालणार नाही. शरीर सरावतं म्हणजे तेवढ्याच परिणामासाठी जास्त माल लागतो, आणि व्यसनाची वाट तिथूनच सुरू होते. पहिल्यांदा घेणाऱ्याला या अभ्यासाचा काहीच दिलासा नाही.

खाण्याच्या पदार्थांबद्दलचा गैरसमज सर्वांत जास्त लोकांना गोत्यात आणतो. ‘ओढत नाही, नुसतं खातो, म्हणजे सौम्य.’ धूर फुफ्फुसांतून मिनिटाभरात मेंदूपर्यंत पोचतो. खाल्लेलं टीएचसी आधी यकृतात जातं, तिथे त्याचं दुसऱ्या, तितक्याच किंवा जास्त प्रभावी रसायनात रूपांतर होतं आणि परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. मधल्या वेळात माणसाला वाटतं, काहीच झालं नाही, अजून एक तुकडा घेऊ. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्तंभलेखिका मॉरीन डाउड यांनी २०१४ मध्ये डेन्व्हरच्या हॉटेलात नेमकं हेच केलं. थोडं चॉकलेट खाल्लं, काही जाणवेना, म्हणून आणखी खाल्लं. मग आठ तास त्या भयंकर भ्रमात पडून होत्या. त्या चॉकलेटचे नवख्याने सोळा भाग करायचे असतात, हे त्यांना नंतर समजलं. पाकिटावर तसं लिहिलेलं नव्हतं. भांगेची थंडाई पिऊन होळीला घरोघरी हाच प्रकार होतो.

मोठ्यांची आठ तासांची घाबरगुंडी निभावून जाते, पण घरात लहान मूल असेल तर गोष्ट वेगळी. गमी दिसायला गोळीच असते. अमेरिकेच्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या मुलांनी असे पदार्थ खाल्ल्याच्या २०१७ मध्ये २०७ नोंदी झाल्या होत्या. २०२१ मध्ये ३,०५४. त्यांतल्या काही मुलांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. ‘गांजाने कुणी मरत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. हेरॉइनप्रमाणे गांजा श्वास बंद पाडत नाही हे मोठ्या माणसाच्या बाबतीत खरं आहे, कारण मेंदूच्या श्वास सांभाळणाऱ्या भागात टीएचसीला पकडणारे ग्राही (रिसेप्टर) फार थोडे असतात. त्यावरून तो सगळ्यांसाठीच सुरक्षित ठरत नाही.

वेपचं पेन स्वच्छ दिसतं. धूर नाही, राख नाही, वास कमी. २०१९ मध्ये अमेरिकेत धडधाकट तरुण पोरं धाप लागून हॉस्पिटलात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले होते आणि ६८ दगावले होते. बहुतेकांनी टीएचसीची कार्ट्रिज वापरली होती, तीही मुख्यतः काळ्या बाजारातली किंवा ओळखीच्यांकडून घेतलेली. फुफ्फुसांतून घेतलेल्या द्रवाचे नमुने तपासले तेव्हा ५१ रुग्णांपैकी ४८ जणांत व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं. तेल दाट दिसावं म्हणून घातलेली ही भेसळ. त्वचेला लावायला निरुपद्रवी असलेला पदार्थ तापवून फुफ्फुसात ओढला की काय होतं, ते या रुग्णांनी दाखवलं. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्रीच बंद आहे, त्यामुळे इथे मिळणारं प्रत्येक कार्ट्रिज चोरट्या वाटेचंच. ‘विद्रावक न वापरता काढलं’ म्हणून रोझिन निर्मळ, या समजुतीलाही फारसा आधार नाही. फुलांवर फवारलेलं कीटकनाशक अर्कातही उतरू शकतं, आणि टीएचसी तर तितकंच राहतं.

औषधी गुणांचं काय? सीबीडी हे गांजातलंच दुसरं रसायन आणि टीएचसी यांची सरमिसळ इथे नेहमी होते. सीबीडीने नशा येत नाही. लहान मुलांतल्या दोन दुर्मीळ, औषधाला न जुमानणाऱ्या अपस्मारांवर सीबीडीचं शुद्ध औषध अमेरिकेने जून २०१८ मध्ये मंजूर केलं, आणि ते मोठ्या चाचण्यांतून तावून सुलाखून निघालेलं आहे. केमोथेरपीच्या उलट्यांवर कृत्रिम टीएचसीच्या गोळ्या १९८५ पासून आहेत. पण काळं चिकट तेल चाटून कॅन्सर बरा होतो, हा दावा अत्यंत घातक आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींवरचे प्रयोग आणि माणसाचा आजार यांच्यात मोठं अंतर आहे, आणि त्या दाव्यापायी केमो लांबवणाऱ्या रुग्णाचा गेलेला वेळ परत मिळत नाही.

‘सवय लागत नाही’ हे वाक्य मात्र पूर्णच खोटं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजाने सेवन करणाऱ्या दहांतल्या सुमारे तिघांना त्याचा विकार जडतो. सोडल्यावर झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते. वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींना विलक्षण त्रास होतो: पोटात कळा, थांबता न थांबणाऱ्या उलट्या, आणि फक्त कढत पाण्याखाली उभं राहिलं तरच उतार. दिवसातून अनेकदा आंघोळ करणारे असे रुग्ण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये नोंदवले. मनाच्या आजाराबाबत युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणचा २०१९ चा अभ्यास सांगतो की, १० टक्क्यांहून जास्त टीएचसीचा माल रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट होती. कार्यकारणाचा वाद अजून चालू आहे, पण घरात आधीच असा आजार असेल तर या वादाचा निकाल लागेपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नाही.

आता कायदा. भांग चालते म्हणून चरसही थोडाफार चालत असेल, असं अनेकांना वाटतं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याने फुलांचे शेंडे नसतील तर पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. भांगेचा विषय राज्यांकडे राहिला. चरस मात्र ‘कच्चा असो वा शुद्ध’ व्याख्येत आहे आणि हॅशिश ऑइलचा तिथे नाव घेऊन उल्लेख आहे. वजनाच्या मर्यादाही वेगळ्या. गांजाचं ‘अल्प प्रमाण’ १ किलोपर्यंत, चरसाचं १०० ग्रॅमपर्यंत. ‘व्यापारी प्रमाण’ गांजाचं २० किलोच्या वर, चरसाचं १ किलोच्या वर. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षं कैद, आणि जामीन मिळणं फार कठीण. आणि ब्राऊनीत वजन कशाचं धरायचं, चरसाचं की पिठासाखरेसकट सगळ्याचं? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितलं की, मिश्रणाचं एकूण वजन धरायचं. माझगावच्या प्रकरणात हाच मुद्दा जामिनाच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयापुढे आला; २०२२ मध्ये जामीन मिळाला, पण जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे.

परदेशातल्या परवानगीचा भरवसाही फसवा. थायलंडने २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. बँकॉकला घेतलेली गमी मुंबईच्या विमानतळावर उतरताच एनडीपीएसच्या कक्षेत येते. सिंगापुरात २०० ग्रॅमहून जास्त राळेच्या तस्करीला फाशी आहे. कॅलिफोर्नियात किंवा कोलोरॅडोत राहणाऱ्या मराठी इंजिनिअरला दुकानातली पावती मिळते, पण अमेरिकेचा केंद्रीय कायदा त्याला अजून गुन्हाच मानतो. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या नागरिकत्व खात्याने स्पष्ट केलं की, राज्यात कायदेशीर असलेलं सेवनही नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतं.

आपल्याकडे ज्याला सोडायचं आहे त्याच्यासाठी कायद्यात एक दार उघडं आहे. एनडीपीएसचं कलम ६४-अ सांगतं की, अल्प प्रमाणाचा किंवा सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते. वकिलाकडे जाणारी कुटुंबंही हे कलम क्वचितच विचारतात. पुण्यात १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.