भायखळ्याच्या तुरुंगातला होकार

मुंबईत प्लेग शिरला तो १८९६च्या पावसाळ्याअखेर. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबरात त्याचं निदान केलं आणि ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत येऊन कामाला लागले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत, मोजक्या मदतनिसांच्या साथीने त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णता देऊन ते मारले आणि लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना दिली गेली त्याहून ही मात्रा बरीच मोठी होती. ताप भरला, दुखणं झालं, ते उतरलं आणि हाफकिन पुन्हा कामाला लागले.

ही गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो. मला मात्र त्यानंतरचे तीन आठवडे जास्त खुणावतात. जानेवारी संपता संपता भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग पोहोचला. जे कैदी तयार झाले त्यांना लस टोचली, बाकीचे तसेच राहिले. दोन्हीकडे अन्न तेच, पाणी तेच, भिंती त्याच. फरक तेवढा सुईचा. अशी तुलना तुरुंगाबाहेर जमवणं फार अवघड. लस न घेतलेल्यांत आजार आणि मृत्यू स्पष्टपणे जास्त दिसले.

कैद्यांनी आपणहून हात पुढे केला, अशी नोंद आहे. ती खोटी मानायला मला काही कारण दिसत नाही. प्रश्न वेगळाच आहे. ज्याचं उठणं-बसणं, जेवण, सुटका सगळं दुसऱ्याच्या हाती, त्याचा होकार किती त्याचा? समोर साहेब, आजूबाजूला प्लेग. नाही म्हटलं तर आपलं काय होईल, हे त्याला कुठून कळावं? हाफकिन यांना मात्र कुपीत काय आहे ते ठाऊक होतं आणि त्यांच्यावर कुणाचा अंमल नव्हता. स्वतःला टोचून घेताना त्यांनी दाखवलेलं धैर्य मोठंच होतं, पण कैद्याच्या वतीने होकार देण्याचा अधिकार त्या धैर्यातून मिळत नाही.

नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यानंतर, १९४७ साली, माणसांवरच्या प्रयोगांसाठीच्या न्यूरेम्बर्ग संहितेत पहिलंच कलम आलं ते स्वेच्छेच्या संमतीचं. तरीही २००९-१०मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला, तेव्हा पुन्हा तोच पेच उभा राहिला. संसदीय समितीच्या २०१३च्या अहवालानुसार ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर सह्या होत्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या, तर १,९४८ पत्रांवर नुसते अंगठे. काही मुलींचे मृत्यू झाले. ते लशीमुळे झाल्याचं चौकशीत सिद्ध झालं नाही. लस तर आज जगभर वापरात आहे. पण लस चांगली निघाली म्हणून त्या सह्या खऱ्या ठरत नाहीत. आईबापांना विचारायला हवं होतं, आणि विचारलं गेलं वसतिगृहाला.

आता नियम पुष्कळ कडक आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं कैद्यांना विशेष संरक्षण हवं असलेल्या गटात धरतात. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचा अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असावा लागतो, आणि तिच्यात वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य नागरिकही हवा. २०१९च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीत अशा दुबळ्या गटातल्या माणसाची संमती दृक्-श्राव्य स्वरूपात नोंदवावी लागते.

त्या सामान्य नागरिकाचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. संमतीपत्राचं मराठी भाषांतर शेतमजूर बाईला ऐकून कळेल का, हे त्यानेच बघायचं. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येईल आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत, हे वाक्य पुष्कळदा चौथ्या-पाचव्या पानावर, परिभाषेच्या गर्दीत सापडतं. ते पहिल्या पानावर, सहीच्या आधी, मोठ्याने वाचून दाखवावं असा आग्रह त्याने धरावा.