स्कूटरचे हवेचे पत्रे : कोणते कोणाला चालतात?

येरवड्यात आजही जुन्या चेतक, सुपर, प्रिया आणि एलएमएल व्हेस्पा धावतात. छोट्या व्यापाऱ्याचा माल त्यांवरून जातो. बजाजने 2009 साली स्कूटरचा धंदा सोडण्याचा निर्णय जाहीर केला, तर एलएमएल कंपनी 2018 साली अवसायनात गेली. 2020 मध्ये चेतक नावाची विजेवरची स्कूटर आली, पण तिच्यात हे इंजिनच नाही. त्यामुळे जुन्या गाडीचे कव्हर फुटले की मालक जुन्या बाजारात जातो आणि मिळेल ते बसवतो. बोल्ट बसला म्हणजे काम झाले, असे त्याला वाटते.

मोटारसायकलचे इंजिन उघडे असते, त्याला समोरचा वारा लागतो. स्कूटरचे इंजिन मात्र बाजूच्या डिक्कीआड झाकलेले असते. त्यासाठी मॅग्नेटच्या चाकावरच पंख्याची पाती दिलेली आहेत. पंखा मधून हवा ओढतो आणि कडेला फेकतो. फॅन कव्हर ती गोळा करून वर ढकलते. तेथून सिलिंडरवरचे कव्हर तिला सिलिंडर आणि हेडच्या पंखांमधून जायला भाग पाडते. हे दुसरे कव्हर काढून टाकले, तर हवा सोप्या वाटेने बाहेर पळते आणि हेड तापतच राहते. काही गॅरेजवाले ‘याची गरज नाही’ म्हणून ते फेकून देतात. हा अडाणीपणा आहे. टू-स्ट्रोक इंजिन तापून पिस्टन जाम झाला, तर बोअर-पिस्टनचा खर्च कव्हरच्या कितीतरी पट होतो.

आता अदलाबदलीचे पाहू. चेतक, सुपर आणि साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया ही एकाच व्हेस्पा घराण्याची मुले. चेतक 1972 सालची. तिचा बोअर आणि स्ट्रोक दोन्ही 57 मिलिमीटर, म्हणजे 145.45 सीसी. एलएमएलचा बोअर 57.8, म्हणजे सुमारे 150 सीसी. फरक दिसायला एका मिलिमीटरपेक्षाही कमी आहे. पण आम्ही कापडवाले जाणतो, दोन ताग्यांचा पन्हा सारखा असला म्हणून कापड सारखे नसते. सिलिंडरचे पंख आणि प्लगची जागा जुळते का, हे कव्हर हेडवर ठेवूनच ठरवावे. शिवाय पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले तेव्हा मॅग्नेटही बदलले. म्हणून पंखा एका गाडीचा आणि फॅन कव्हर दुसऱ्याचे, असा मेळ घालू नये. जोडी एकत्रच घ्यावी.

रिक्षाचे प्रकरण वेगळे आहे. 1977 साली बजाजने मागे इंजिन असलेली रिक्षा आणली. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाचे घनफळ चेतकएवढेच होते, पण तेवढ्यावरून पत्रा सारखा समजू नये. तीन प्रवासी घेऊन पहिल्या गिअरमध्ये चढ चढणाऱ्या रिक्षाला पंख्याशिवाय दुसरा आधार नसतो.

हा घोळ आपल्याकडचाच नाही. फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीतही इंजिनाभोवती असेच पत्रे असत. 1971 च्या मॉडेलपासून तिचे ऑइल कूलर वेगळ्या कप्प्यात गेले, त्याबरोबर पंखा रुंद झाला आणि पंख्याचे घरही बदलले. कारागिरांनी त्याला ‘डॉगहाऊस’ म्हटले, नाव गमतीचे पण ओळखायला सोपे! रुंद पंखा जुन्या घरात बसत नाही. हेडचे इनटेक एका छिद्राचे की दोन छिद्रांचे, यावर सिलिंडरवरचे पत्रेही बदलतात.

आपल्या पत्रेकामाच्या कारागिरांना फुटलेले लोखंडी कव्हर जोडणे सहज जमते. मात्र आतील वळण तसेच ठेवावे, आणि कव्हर उघडलेच आहे तर पंखांत साचलेली तेलकट माती ब्रशने काढावी. बसवल्यावर प्लग काढून किक हळू दाबावी. पाते घासल्याचा आवाज येता कामा नये. मग गाडी चालू करून दोन्ही कव्हरांच्या जोडापाशी, पंख्यापासून हात दूर ठेवून, कागदाचा कपटा धरावा. तो फडफडला तर हवा तेथूनच गळते आहे, आणि ते कव्हर त्या गाडीचे नाही.