‘केवडा’ आणि ‘कमतरता’ : फळझाडांच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांविषयी

पिकाची पाने पिवळी पडू लागली की आपल्याकडे ‘केवडा पडला’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. केवड्याच्या कणसाभोवतालची पाने फिकट पिवळी असतात, हे ज्याने पाहिले आहे त्यास या शब्दाची मार्मिकता सांगावयास नको. परंतु हा शब्द केवळ रंग सांगतो, कारण सांगत नाही. मक्यावरील केवडा बुरशीसदृश परोपजीवीमुळे होतो, मुगावरील केवडा पांढऱ्या माशीने पसरविलेल्या विषाणूमुळे, आणि उसावरील केवडा पुष्कळदा लोहाच्या अभावामुळे. तीन भिन्न आपत्ती एका नावाखाली नांदू लागल्या म्हणजे एकीचा उपाय दुसरीवर योजला जाणारच. भाषेच्या अभ्यासकाने या परक्या क्षेत्रात पाऊल टाकण्याचे धाडस केले आहे ते याच कारणास्तव.

अशी फसगत शास्त्रज्ञांचीही होऊ शकते. १९३० च्या सुमारास कॅलिफोर्नियात पीच व इतर फळझाडांना एक व्याधी जडली होती. शेंड्याकडील पाने बारीक राहत व त्यांचा झुबका होई. म्हणून तिला ‘बारीक पान’ हेच नाव पडले. चँडलर, होगलंड व त्यांचे सहकारी यांनी जमिनीत फेरस सल्फेट घातले आणि झाडे सुधारली. तेव्हा अभाव लोहाचा, असे कोणीही म्हटले असते. मात्र शुद्ध क्षार वापरताच गुण येईना. खरा गुण होता तो बाजारी क्षारात भेसळीसारख्या आलेल्या जस्ताचा!

आता आपल्याकडील संत्र्याचे झाड पाहू. जस्त अपुरे असल्यास कोवळी पाने लहान, अरुंद व टोकदार होतात आणि हिरव्या शिरांच्या दरम्यान पिवळे चट्टे उमटतात. लोहाच्या अभावी पानावर बारीक शिरांचे हिरवे जाळे तेवढे उरते, बाकी पान पिवळे, क्वचित पांढुरकेही होते. मँगनीजच्या अभावी पानाचा आकार बदलत नाही, शिरांमधील भाग फिकट होतो. याउलट जुन्या पानांवर पिवळेपणा येऊन देठाकडे हिरवा त्रिकोण उरला असेल, तर तो मॅग्नेशियमचा अभाव समजावा. आणि मॅग्नेशियम तर सूक्ष्म अन्नद्रव्यही नव्हे. ते जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहज वाहून नेले जाते, लोह व जस्त तसे जात नाहीत. म्हणून पान पिवळे आहे एवढे पाहून भागत नाही. ते फांदीवर कोठले, हे आधी पाहावे लागते.

‘कमतरता’ हा शब्द तर ‘केवड्या’हूनही अधिक फसवा आहे. विदर्भातील संत्र्याच्या पुष्कळ बागा चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत आहेत. ही माती बसाल्टपासून झालेली असल्याने तीत लोहाला तोटा नाही. तरीही झाड उपाशी राहते, कारण अल्कधर्मी मातीत लोह अविद्राव्य रूपात अडकून पडते. पाणी साचून मातीत बायकार्बोनेट वाढले की स्थिती आणखी बिघडते. अशा वेळी खतापेक्षा चर खणून निचरा करणेच अधिक उपयोगी पडते. अशा जमिनीत फेरस सल्फेट ओतले तर तेही थोड्याच काळात तसेच निरुपयोगी होऊन बसते. म्हणून फवारणीचा मार्ग पत्करावा लागतो. जस्तासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट व २५ ग्रॅम चुना हे प्रमाण रूढ असून, फवारा नवतीच्या पानांवर ती जून होण्यापूर्वी द्यावयाचा असतो. चुना घालावयाचा तो द्रावणाने पाने करपू नयेत म्हणून.

जमिनीतूनच लोह द्यावयाचे झाल्यास ‘चिलेट’ वापरतात. ही संज्ञा १९२० साली मॉर्गन व ड्र्यू यांनी ग्रीक भाषेतील खेकड्याच्या नांगीवाचक शब्दावरून घडविली. सेंद्रिय रेणू लोहास जणू नांगीत धरून ठेवतो आणि ते मातीत अडकू देत नाही. मात्र साऱ्याच नांग्यांची पकड सारखी नसते. ‘ईडीटीए’ची पकड अल्कधर्मी जमिनीत सुटते, ‘ईडीडीएचए’ची टिकते. पुडक्यावर ‘चिलेटेड लोह’ एवढेच वाचून विकत घेणाऱ्याने त्यापुढची अक्षरेही वाचावयास हवीत.