संगणक बंद करणारी जन्मतारीख

लिनक्सवर चालणारा संगणक प्रोग्रॅममधून बंद करायचा तर 'रीबूट' हा सिस्टिम कॉल वापरतात. पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ही विनंती सहजासहजी मानत नाही. आधी तो दोन ठरावीक आकडे तपासतो आणि एक जरी चुकला तरी विनंती फेटाळतो. त्यातला दुसरा आकडा आहे ६७२२७४७९३. हाच षोडशमान पद्धतीत लिहिला की २८१२१९६९ होतो. २८ डिसेंबर १९६९ ही लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची जन्मतारीख! त्याऐवजी आणखी तीन आकडे चालतात. त्या त्यांच्या तीन मुलींच्या जन्मतारखा आहेत. यात माया आहेच, पण खबरदारीही आहे. भरकटलेल्या प्रोग्रॅमने चुकून हा कॉल केला, तर नेमके हेच आकडे त्याच्या हाती लागणे जवळपास अशक्य.

आकडे जुळले तरी अधिकार लागतोच. विंडोजमध्ये तर वापरकर्त्याला बंद करण्याची मुभा असली, तरी प्रोग्रॅमला ती आधी स्वतःसाठी चालू करून घ्यावी लागते. नवशिके हमखास इथेच अडतात.

खरा धोका मात्र पुढे आहे. आपण फाइल 'सेव्ह' करतो तेव्हा मजकूर बहुधा लगेच डिस्कवर जात नाही. तो काही काळ रॅममध्ये थांबतो. लिनक्समध्ये हा काळ साधारण ३० सेकंदांपर्यंत असू शकतो. रीबूटचा कॉल हा मजकूर स्वतःहून डिस्कवर उतरवत नाही. थेट कॉल केला, तर नुकतेच केलेले काम गेलेच म्हणून समजा. म्हणून शहाणा प्रोग्रामर हे काम लिनक्सवरचे प्रोग्रॅम सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडी या व्यवस्थेकडे सोपवतो. ती प्रत्येक प्रोग्रॅमला आवरते घेण्याचा इशारा देते, एरवी ९० सेकंदांपर्यंत वाट पाहते, तरीही न ऐकणाऱ्याला सक्तीने थांबवते, डिस्क मोकळ्या करते आणि सर्वांत शेवटी तो कॉल करते. बंद व्हायला वेळ लागतो म्हणून चिडून बटण दाबून धरणारे ही सगळी काळजी वाया घालवतात.

पुन्हा सुरू करण्याची तऱ्हा तर याहून विलक्षण आहे. १९८४च्या आयबीएम पीसी-एटीमधला २८६ प्रोसेसर एकदा प्रोटेक्टेड मोड या मेमरीला संरक्षण देणाऱ्या कार्यपद्धतीत गेला की रीसेट केल्याशिवाय मागे फिरू शकत नसे. तेव्हा अभियंत्यांनी कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपची एक पिन प्रोसेसरच्या रीसेटला जोडली. आजही लिनक्सच्या भात्यात हा उपाय आहे. तोही फसला, तर कर्नल प्रोसेसरकडची इंटरप्ट्सची, म्हणजे काम थांबवून लक्ष वेधणारे इशारे कुणी हाताळायचे याची, यादी रिकामी करून मुद्दाम एक इंटरप्ट देतो. तो हाताळणारे कुणी सापडत नाही म्हणून चूक होते, ती हाताळताना दुसरी होते, आणि तिसऱ्या चुकीला प्रोसेसर हात टेकतो. मग मदरबोर्ड त्याला रीसेट करतो, आणि तो ४ जीबीच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडच्या ठरलेल्या पत्त्यावरून बायोसची पहिली सूचना वाचू लागतो.