सिगारेटचा धूर आणि ई-सिगारेटची वाफ

सतराव्या शतकाच्या प्रारंभी विजापूरहून परतलेल्या असद बेग या सरदाराने अकबर बादशहास तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी नजर केली. बादशहाने कुतूहलाने काही झुरके घेतले. परंतु दरबारच्या हकिमाने हरकत घेतली. ज्या द्रव्याविषयी वैद्यांनी काहीही लिहून ठेवलेले नाही आणि ज्याची पारख झालेली नाही, ते बादशहांना कसे द्यावे, अशी त्याची शंका होती. जगातील प्रत्येक रूढी केव्हातरी नवीनच होती, असे असद बेगचे म्हणणे पडले. पुढे तंबाखू देशभर पसरली. हकिमाची शंका मात्र किती रास्त होती हे कळण्यास साडेतीनशे वर्षे लागली.

आज ई-सिगारेटच्या निमित्ताने हाच वाद पुन्हा उपस्थित झाला आहे. हे उपकरण सिगारेटपेक्षा कमी घातक आहे, असे एक पक्ष सांगतो. ते नव्या पिढीस व्यसनात ओढणारे आहे, असे दुसरा पक्ष म्हणतो. वरवर पाहता ही विधाने परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोन्हींना आधार आहे. परंतु ती निरनिराळ्या माणसांविषयी केलेली विधाने आहेत, हे ध्यानात न आल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो.

निर्धोक धूम्रपानाचे आश्वासन तसे जुनेच आहे. पाण्यातून ओढलेला हुक्क्याचा धूर निर्दोष होतो, अशी समजूत होती. १९५० नंतरच्या दशकात गाळणी लावलेल्या सिगारेटी लोकप्रिय झाल्या आणि त्यानंतर ‘सौम्य’ सिगारेटी आल्या. धूर मोजणाऱ्या यंत्रावर त्या सौम्य ठरत. पण निकोटिनची सवय जडलेला माणूस अधिक खोल झुरका घेई, गाळणीवरील सूक्ष्म छिद्रे नकळत बोटांनी झाकी आणि आपली मात्रा पुरी करून घेई. परिणामी रोगाचे प्रमाण घटले नाही. म्हणूनच ई-सिगारेटचा विचार करताना साशंक असणे योग्य आहे. मात्र येथे एक मूलभूत फरक आहे, आणि तो म्हणजे ज्वलनाचा.

ज्वलन आणि त्याचे परिणाम

झुरका घेताना सिगारेटच्या जळत्या टोकाचे तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. या तापमानात तंबाखूचे पान केवळ जळत नाही, तर त्याचे विघटन होऊन सात हजारांहून अधिक रसायने निर्माण होतात. त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. धुरातील चिकट डांबर फुप्फुसांच्या नलिकांवर साचते. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हीमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. त्यामुळे हृदयाला होणारा प्राणवायूचा पुरवठा कमी पडतो.

१९५० मध्ये ब्रिटनमधील रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धूम्रपानाशी असलेला संबंध दाखवून दिला. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्याच सवयींचा आणि मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला. तो पन्नास वर्षे चालला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की सतत सिगारेट ओढणारे पुरुष न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी मृत्यू पावतात.

या हानीत निकोटिनचा वाटा कोणता? निकोटिन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते, हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवते आणि घट्ट व्यसन लावते. तथापि धूम्रपानामुळे होणाऱ्या कर्करोगाचे ते मुख्य कारण नव्हे. माणूस निकोटिनसाठी ओढतो, पण त्याचा जीव घेते ते डांबर, या आशयाचा विचार ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच मांडला होता. निकोटिन द्यावे पण धूर टाळावा, ही ई-सिगारेटमागील कल्पना याच विचाराशी जुळणारी आहे.

वाफेत काय असते?

ज्वलनाविना सिगारेट बनविण्याचे अधिकारपत्र अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांना १९६५ मध्ये मिळाले होते. परंतु ते उपकरण बाजारात रुजले नाही. आजच्या ई-सिगारेटचे श्रेय सामान्यतः होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञास दिले जाते. त्यांनी ती २००३ मध्ये तयार केली. तिची रचना साधी आहे. बॅटरीवर तापणारे तारेचे लहानसे वेटोळे, त्याला भिजवणारी वात आणि द्रव भरलेली कुपी, एवढेच तिचे भाग. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटिन असते. झुरका घेताच वेटोळे तापते आणि द्रवाचे अतिसूक्ष्म तुषार होऊन ते श्वासाबरोबर आत जातात. व्यवहारात त्यास ‘वाफ’ म्हणतात, पण ती पाण्याची वाफ नव्हे.

येथे पान जळत नसल्यामुळे डांबर तयार होत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नसतो. इतर विषारी द्रव्यांचे प्रमाणही सामान्यतः सिगारेटच्या धुरापेक्षा पुष्कळ कमी असते. परंतु ते शून्य नसते. वेटोळे अधिक तापल्यास फॉर्माल्डिहाइड व अ‍ॅक्रोलिन यांसारखी दाहक द्रव्ये निर्माण होतात. धातूच्या तारेतून निकेल, क्रोमियम आणि शिसे यांचे कण तुषारांत उतरू शकतात.

स्वादद्रव्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ती खाद्यपदार्थांत वापरली जातात म्हणून निर्धोक होत, असा दावा केला जातो. परंतु जठर आणि फुप्फुस यांची रचना एकसारखी नाही. लोण्याचा स्वाद देणारे डायअसेटिल खाण्यात चालते. मात्र २००० मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यात मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यातील कामगारांना त्याच्या वाफेने फुप्फुसांचा गंभीर विकार झाल्याचे आढळले. हे द्रव्य ई-सिगारेटच्या काही द्रवांतही सापडले होते. म्हणून पोटात सुरक्षित असलेली वस्तू श्वासातही सुरक्षित असेल, असे मानता येत नाही.

कमी घातक म्हणजे किती?

२०१५ मध्ये ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने ई-सिगारेट ही सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचे म्हटले. हा आकडा जगभर गाजला. तो प्रत्यक्ष मोजणीतून आलेला नसून तज्ज्ञांच्या एका गटाने केलेला अंदाज होता, हे मात्र मागे पडले. त्यावर टीकाही झाली. अधिक सावध पण अधिक भक्कम निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८ मध्ये मांडला: जो सिगारेट पूर्णपणे सोडून ई-सिगारेटकडे वळतो, त्याच्या शरीरात जाणारी अनेक विषारी द्रव्ये निश्चितपणे घटतात.

दीर्घकालीन परिणामांविषयी एवढ्या निश्चयाने बोलता येत नाही आणि त्याचे कारण सोपे आहे. कारखान्यात तयार झालेली सिगारेट विसाव्या शतकाच्या आरंभी घरोघर पोहोचली. फुप्फुसाच्या कर्करोगाची लाट त्यानंतर दोन-तीन दशकांनी उसळली. ई-सिगारेटचा व्यापक प्रसार होऊन अद्याप एवढाही काळ लोटलेला नाही.

या संदर्भात ‘पूर्णपणे’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. अनेक जण दिवसा ई-सिगारेट ओढतात आणि सायंकाळी एक-दोन सिगारेटी चालू ठेवतात. हृदयविकाराचा धोका सिगारेटींच्या संख्येच्या प्रमाणात उतरत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश विश्लेषणानुसार दिवसाला केवळ एक सिगारेट ओढणाऱ्यालाही वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याचा सुमारे निम्मा वाटा उचलावा लागतो. तेव्हा दोन्ही सवयी एकत्र बाळगणाऱ्याच्या पदरी फारसा लाभ पडत नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेत अशा उपकरणांच्या वापरामुळे फुप्फुसांना तीव्र इजा होण्याची साथ उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि ६८ जण दगावले. त्यामागे मुख्यतः गांजातील मादक द्रव्य असलेल्या द्रवात मिसळलेले ‘ई’ जीवनसत्त्वाचे एक संयुग होते, असे निष्पन्न झाले. सर्वसाधारण निकोटिनयुक्त द्रवाचा हा दोष नव्हता. परंतु अनधिकृत मालात काय मिसळलेले आहे हे ओढणाऱ्यास कळत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

प्रश्न कोणाचा?

वीस वर्षे सिगारेट ओढणाऱ्या आणि अन्य उपाय थकलेल्या प्रौढासाठी ई-सिगारेट हे व्यसनमुक्तीचे साधन होऊ शकते. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर केलेल्या चाचणीत ई-सिगारेट वापरणाऱ्यांपैकी १८ टक्के लोक वर्षभरानंतर सिगारेटपासून मुक्त होते. निकोटिनच्या पट्ट्या, गोळ्या इत्यादी वापरणाऱ्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होते. पण याच चाचणीची दुसरी बाजूही आहे. ई-सिगारेटच्या साहाय्याने सिगारेट सोडणाऱ्यांपैकी ८० टक्के लोक वर्षअखेरीस ई-सिगारेट ओढतच होते. सिगारेट सुटली, निकोटिन सुटले नाही.

ज्याने कधीच सिगारेट ओढली नाही, अशा सोळा वर्षांच्या मुलाचा हिशेब अगदी निराळा आहे. त्याची तुलना सिगारेटच्या धुराशी करावयाची नसून स्वच्छ हवेशी करावयाची आहे. त्याच्या बाबतीत लाभ काहीच नाही. आहे तो केवळ धोका. मेंदूची वाढ साधारण पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते आणि त्या वयात निकोटिनचे व्यसन लवकर जडते. फळांचे व मिठाईचे स्वाद आणि घशाला न बोचणारे निकोटिनचे क्षार यांमुळे पहिला झुरका सुखद होतो. अमेरिकेत २०१९ मध्ये माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील २७.५ टक्के विद्यार्थी ई-सिगारेट ओढत होते. २०२४ मध्ये हे प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले.

भारतातील स्थिती

भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेशाद्वारे आणि त्याच वर्षी संसदेच्या कायद्याद्वारे ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. पहिल्या विक्रीच्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तरीही चोरट्या मार्गाने माल येतो आणि त्याच्या घटकांची शाश्वती कोणी देऊ शकत नाही.

शिवाय भारतातील तंबाखूचा प्रश्न केवळ सिगारेटचा नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करीत होते. सिगारेट ओढणारे ४ टक्के, विडी ओढणारे ७.७ टक्के, तर खैनी, गुटखा, जर्दा अशा धूरविरहित रूपांत तंबाखू घेणारे २१.४ टक्के होते. तोंडाच्या कर्करोगाचे मोठे ओझे या शेवटच्या सवयीतून येते आणि त्यावर ई-सिगारेट हा उपाय नव्हे. ज्यांना तंबाखू सोडावयाची आहे, त्यांच्यासाठी निकोटिनयुक्त गोळ्या व औषधे आहेत, जिल्हा रुग्णालयांतील तंबाखूमुक्ती केंद्रे आहेत, तसेच १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शनही मिळते.

डॉल यांच्या दीर्घ अभ्यासातील एक निष्कर्ष येथे नमूद करण्याजोगा आहे. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्याच्या आयुष्यात सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याच्या आयुष्यात सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याच्या आयुष्यात जवळजवळ दहा वर्षांची भर पडते. धूर आणि वाफ यांची तुलना काहींना उपयोगी पडेल. परंतु ही वर्षे मिळतात ती धूर पूर्णपणे थांबल्यावरच, आणि ज्याने कधी धूर घेतलाच नाही त्याला ती मुळात गमवावीच लागत नाहीत.