बदकांच्या शिकारीची यादी आणि यादीबाहेरचा माणूस

मोहर्लीजवळ इरई धरणाचे पाणी पसरलेले आहे. हिवाळ्यात पहाटे त्या पाण्यावर बदकांचे थवे असतात. शिक्षकाची नोकरी संपली तरी मी दरवर्षी चार-सहा विद्यार्थी घेऊन तेथे जातो. मागच्या खेपेस एका मुलाने विचारले, ‘सर, पूर्वी लोक शहरातून एवढ्या लांब येऊन बदकांची शिकार करत म्हणतात. ते सगळं जमवत कसं?’

प्रश्न आखणीचा होता आणि तो योग्य होता. शिकारीत कोणाचा वाटा किती, हे बंदूक उडण्याच्या क्षणी कळत नाही. आखणी पाहिली की कळते. त्या मुलाच्या प्रश्नाची मला दोन उत्तरे ठाऊक आहेत. एक इंग्रजांच्या काळातील शिकारीच्या पुस्तकांतले, दुसरे माझ्या आज्याचे. पहिले मी ग्रंथालयात वाचले. दुसरे लहानपणी चुलीपाशी बसून ऐकले. दोन्ही एकाच शिकारीविषयी आहेत, हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आजचे इरईचे पाणी त्या काळी नव्हते. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रासाठी ते अडवले गेले. ताडोबाच्या परिसरात तर १९३५ पासूनच शिकारीला बंदी होती. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. बदकांच्या शिकारी होत त्या पूर्वेकडच्या गावतळ्यांवर, मूल, सिंदेवाही, नागभीड या भागांत. गोंड राजांच्या काळापासून धानासाठी बांधलेली ही तळी पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेली. मालगुजारी १९५१ साली संपली, पण ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोक आजही त्यांना मामा तलाव म्हणतात. माझ्या आज्याचे गाव अशाच एका तळ्याच्या पाळीखाली होते आणि आमच्या घराकडे गावची कोतवालकी होती.

आता आखणी पाहू.

पहिला प्रश्न ऋतूचा. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या ही बदके आणि पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि मार्चच्या सुमारास परततात. अडई, हळदी-कुंकू, नकटा ही बदके येथलीच. ती पावसाळ्यात अंडी घालतात. १९१२ च्या पशुपक्षी संरक्षण कायद्याने प्रांतिक सरकारांना विणीच्या काळात शिकार बंद ठेवण्याचा अधिकार दिला होता. म्हणून शिकारी सहल ठरायची ती धान कापणीनंतर, नाताळाच्या आगेमागे. साहेबांना सुट्टी आणि बदकांना मुक्काम, दोन्ही तेव्हाच.

दुसरा प्रश्न तळ्याचा. धानाच्या मुलखात बदके रात्री कापणी झालेल्या बांध्यांत सांडलेले दाणे वेचतात आणि उजाडायच्या आत तळ्यावर परततात. दिवसभर ती पाण्याच्या मध्यभागी, बंदुकीच्या टप्प्याबाहेर बसून राहतात. म्हणजे शिकाऱ्याला फटफटण्यापूर्वी जागेवर बसलेच पाहिजे, आणि त्याआधी कोणत्या तळ्यावर किती पक्षी उतरतात, कोणत्या दिशेने येतात, हे कळले पाहिजे. हे त्याला कोण सांगणार? सांगत असे गावचा कोतवाल आणि तळ्यावर मासे धरणारा ढिवर. आजा आठ-आठ दिवस पाळीवर रात्र काढून थवे मोजत असे. मोजायला खडे घेई. खड्यांची पुरचुंडी मालगुजाराच्या दिवाणजीकडे जाई आणि तेथून निरोप चांद्याला जाई. पुस्तकांत या साऱ्याला ‘खबर आली’ एवढे दोनच शब्द आहेत.

तिसरी गोष्ट लपणाची. पाण्याच्या काठी गवत-पाचोळ्याचा आडोसा आदल्या दिवशी उभा करायचा, तोही असा की पक्ष्यांना नवा वाटू नये. चौथी गोष्ट उठवणीची. पहिला बार झाला की पक्षी दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात. त्यांना पुन्हा बंदुकीवर आणायला डोंग्यातून माणसे फिरवावी लागतात, शेजारच्या तळ्यांवरही माणसे उभी करावी लागतात. बंदुका जितक्या जास्त तितकी माणसेही जास्त. शिकार मोठी झाली की हे गणित किती फुगते याचे उदाहरण राजस्थानातील भरतपूरचे आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. केवलादेवला दगडी पाट्यांवर हे हिशेब कोरलेले आहेत: तारीख, निमित्त, बंदुका, पक्षी. पाण्यात किती माणसे उतरली, याचा रकाना त्या पाट्यांवर नाही.

आणि आज्याचे उत्तर येथूनच सुरू होते. छर्रा लागलेले बदक पाण्यात पडते. मेलेले तरंगते, जखमी बुडी मारते आणि पाणवेलींना चोच धरून तळाशी राहते. ते काढून आणायला विलायतेत खास शिकवलेले कुत्रे असतात. अशा कुत्र्याची निवड, त्याचा खुराक, थंड पाण्यातून आल्यावर त्याला कोरडे कसे करावे, यावर तिकडच्या पुस्तकांत प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. आपल्याकडे हे काम माणसाकडून करून घेत. त्याच्यासाठी प्रकरण नव्हते. सामानाच्या यादीत बाराबोरी बंदुका, चार आणि सहा नंबरची काडतुसे, तंबू, खानसामा, पेट्रोमॅक्स, सोड्याच्या बाटल्या, घोड्याचा चारा असे सगळे असे. पौषातल्या पहाटे गळ्याइतक्या पाण्यात उतरणाऱ्यासाठी एक कोरडा पंचा त्या यादीत नव्हता.

आजा म्हणायचा, ‘पान्यात थंडी नसते बापू. थंडी असते भायेर निंगल्यावर.’ बाहेर निघाले की शेकोटी असे, पण ती साहेबांची आणि मालगुजाराची. कोतवालाने तिच्यापासून अंतरावर उभे राहायचे. पायांना कमळाचे देठ गुंडाळतात, त्या वेळी हातपाय झाडायचे नाहीत, दम धरून उलटे फिरायचे, हे तो आम्हाला एखादा खेळ शिकवावा तसा शिकवी. त्याच्या पोटऱ्यांवर जळवांचे डाग होते.

एक विसंगती मात्र तो हसत सांगे आणि मला ती आजही हसण्यावारी नेता येत नाही. त्या तळ्याच्या मुख्य घाटावर आमच्या बायकांचा घडा बुडत नसे. पाणी विटाळते म्हणून आमचे पाणवठे सांडव्याच्या खाली. पण शिकारीच्या दिवशी त्याच तळ्याच्या मध्यभागी आमचा आजा गळ्यापर्यंत उतरलेला चाले. त्याने दातांत पंख धरून काठावर आणलेले बदक चाले. ते मालगुजाराच्या पाहुण्यांच्या ताटात जाई. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आमच्याकडे अस्पृश्याला पाण्यात उतरवले जात होते. पाणी घेऊ मात्र दिले जात नव्हते. अस्पृश्यता ही केवळ दूर ठेवण्याची व्यवस्था आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे तळे नीट पाहावे. व्यवस्थेला जेथे आमचा देह हवा होता तेथे तिने विटाळ बाजूला ठेवला आणि काम होताच परत आणला.

मोबदला? शिकार संपल्यावर आजाला बक्षीस मिळे. कधी चार आणे, कधी न खाण्याजोगे फाटलेले बदक, कधी काहीच नाही. बक्षीस आणि मजुरी या शब्दांतील फरक विद्यार्थ्यांनी समजून घेतला पाहिजे. मजुरी आधी ठरते, मागता येते, बुडाली तर भांडता येते. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि घेणाऱ्याने वाकून घ्यायचे असते. जे काम नाकारता येत नाही आणि ज्याचा दाम मागता येत नाही त्याला आपल्या भाषेत बेगार म्हणतात. संविधानाच्या २३व्या कलमाने १९५० साली ती निषिद्ध ठरवली. आजा म्हणे, ‘साहेबाले बदक लागे, मालगुजाराले साहेब लागे. आमाले काय लागे, ते कोनी इचारलंच नाही.’

शिकारीचा आणखी एक हिशेब आज्यालाही ठाऊक नव्हता. नेम चुकलेले शिशाचे छर्रे तळ्याच्या गाळात बसतात. बदके दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात, त्यांबरोबर छर्रेही गिळतात आणि शिशाच्या विषाने मरतात. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१ साली देशभर बंद केले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लहान शिकारीसाठी परवान्याची सोय ठेवली होती. तीही त्याच १९९१ च्या दुरुस्तीने गेली. हौसेची शिकार संपली हे चांगले झाले. मला त्याबद्दल यत्किंचितही खंत नाही.

परंतु आजही मोहर्लीला येणाऱ्याची आखणी मला ओळखीची वाटते. ऋतू पाहायचा, मुक्काम ठरवायचा, अंधारात उठायचे आणि जनावर कोठे आहे ते गावच्या माणसाला विचारायचे. फरक आहे आणि तो मोठा आहे. गाईडचे शुल्क ठरलेले असते, त्याच्या छातीवर त्याच्या नावाची पट्टी असते, तो पाहुण्याला ‘खाली उतरू नका’ असे बजावू शकतो. माझ्या आज्याला साहेबाला काही बजावता आले नसते. तरीही ज्या ढिवराच्या बापाने साऱ्या शिकाऱ्यांना तळी दाखवली, तो आज रात्री जाळे घेऊन पाळीवर दिसला तर संशयित ठरतो. ज्यांनी हौसेसाठी हजारो पक्षी मारले त्यांच्या आठवणी ग्रंथालयात मानाने ठेवलेल्या आहेत. पोटासाठी फासा लावणाऱ्याचे नाव मात्र गुन्ह्याच्या नोंदीत. कायदा सर्वांना सारखा हवा, हे मला मान्य आहे. इतिहासही सर्वांचा सारखा लिहिला जावा, एवढी माझी मागणी आहे. शिक्षक मित्रांनी आपापल्या गावच्या तळ्याची ही दुसरी वही लिहून घ्यावी. सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

त्या मुलाला मी इरईच्या काठावर हे सारे सांगितले. तेवढ्यात अडईंचा थवा शीळ घालत वरून गेला. आमच्याबरोबरच्या ढिवर म्हाताऱ्याने मान वर न करताच त्यांचा आकडा सांगितला. मुलाने दुर्बिणीतून मोजले. आकडा बरोबर होता.

यंदाच्या सहलीच्या खर्चाचा कागद मुलांनीच तयार केला आहे. पहिल्या ओळीत त्या म्हाताऱ्याची दोन दिवसांची मजुरी आहे, त्याच्याशी आधी बोलून ठरवलेली. एसटीचे भाडे दुसऱ्या ओळीत आहे.