सिंह जवळ, काळवीट दूर : लेन्स कोणती घ्यावी?

आफ्रिकेच्या सफारीला निघणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला पहिला सल्ला मिळतो तो परवडेल तितकी मोठी लेन्स घेण्याचा. कर्जाचे हप्ते लावणारा हा सल्ला नेहमीच बरोबर असतो असे नाही. तो पडताळण्यासाठी केनियापर्यंत जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्र आणि तेलंगणाला लागून असलेल्या बीदर-कलबुर्गी या कर्नाटकी जिल्ह्यांतील माळ त्यासाठी पुरेसा आहे.

बीदरजवळच्या विलासपूर आणि होन्नीकेरी परिसरात काळविटांचे कळप दिसतात. जमीन जांभ्याची, तांबडी, म्हणजे गोवेकराला घरची वाटावी अशी; मात्र तिच्यावर आपल्याकडची दाट झाडी नाही. मोले किंवा बोंडल्याच्या जंगलात प्रकाशाची चणचण असते, म्हणून तिथे एफ २.८ किंवा ४ अशा मोठ्या छिद्राच्या लेन्सला मोल येते. या माळावर सकाळी उन्हे वर आली की एफ ६.३ची साधी झूम लेन्सही भागवून नेते. अडचण असते ती अंतराची.

हिशेब सोपा आहे. लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा म्हणजे तिचे नाभीय अंतर. त्याला प्राण्याच्या उंचीने गुणावे आणि प्राणी जितका दूर असेल त्या अंतराने भागावे. सेन्सरवर उमटणाऱ्या प्रतिमेची उंची मिळते. काळवीट खांद्यापाशी सुमारे ८० सेंटिमीटर उंच असते. ते १०० मीटरवर उभे असेल, तर ४०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा जेमतेम ३.२ मिलिमीटर येते. फुल-फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर. आता मसाई मारामधील सिंह घ्या. खांद्याची उंची सुमारे ११० सेंटिमीटर, जीपपासून अंतर २० मीटर. त्याच लेन्सने प्रतिमा २२ मिलिमीटरची, म्हणजे चौकट भरली. तिथे ६०० मिलिमीटरची लेन्स लावली तर सिंह चौकटीबाहेर सांडतो. वाहनांना सरावलेले प्राणी जवळ येऊ देतात, म्हणून मारासाठी १००-४०० पुरते आणि बीदरसाठी १५०-६०० देखील अपुरी वाटते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात स्वतःची गाडी रस्त्यावरून खाली उतरवता येत नाही; तिथला हिशेब बीदरच्या बाजूने झुकतो.

तरीही बीदरसाठी दहा लाखांहून महाग आणि सुमारे तीन किलो वजनाची ६०० एफ ४ घेणे हा उपाय नव्हे. ऊन तापले की जमिनीवरून गरम हवा उठते आणि दूरचे सारे थरथरू लागते. याला मराठीने मृगजळ म्हटले आहे, आणि काळविटाचे छायाचित्र बिघडवण्यात त्याचाच वाटा मोठा. लांब लेन्स प्राण्याबरोबर ही थरथरही मोठी करते. कोणतीही किंमत मोजली तरी ती जात नाही. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर लावल्यास एक स्टॉप प्रकाश जातो आणि थरथर तेवढीच राहते. त्यामुळे सूर्योदयापासूनचे पहिले दोन तास हीच खरी गुंतवणूक. गाडीचे इंजिन आणि एसी बंद ठेवावेत, कारण थंड-गरम हवेची सरमिसळ खिडकीतच होते.

लेन्स कमी पडली म्हणून पायी पुढे सरकण्याचा मोह मात्र महागात पडतो, आणि तो काळविटाला. चौकट भरायची तर ४०० मिलिमीटरने पंधरा-सोळा मीटरवर जावे लागेल. कळप तेवढे जवळ येऊ देत नाही, उधळतो. मादी नवजात पाडस गवतात लपवून दूर चरते. माणूस तिथे घुटमळत राहिला तर ती परतत नाही, आणि पाडस उपाशी राहते. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यापेक्षा झूम १०० किंवा १५० मिलिमीटरवर आणून तांबडा माळ, वाळके गवत आणि कडेला छोटासा काळा नर, असे चित्र घ्यावे. बहुतेक हौशी छायाचित्रकार हे टाळतात, आणि या प्रदेशाची ओळख सांगणारे चित्र तेच असते.

कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळी अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले. तिथे शुष्क पानझडी रान आहे. झाडांमधून अंतर आपोआप कमी होते, म्हणून मधल्या टप्प्याची झूम अधिक सोयीची.

आफ्रिकेला जायचेच असेल तर १००-४०० ही एकच लेन्स विकत घ्यावी आणि बीदरसाठी १५०-६०० दोन दिवस भाड्याने आणावी. एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा असेल तर ४०० मिलिमीटरलाच ६००चे दृश्य मिळते, भाडेही वाचते. दोन्हीकडे तिपाईपेक्षा खिडकीवर टेकवायची कापडी पिशवी उपयोगी. केनियातील लहान विमानांत सामानाची मर्यादा बहुधा १५ किलो असते, म्हणून ती रिकामीच न्यावी आणि तिथे तांदूळ किंवा कडधान्याने भरावी. कलबुर्गीत तर भरायला तूर आहेच.